कॉफीचा पेला आणि डोंगराची सावली

चहा हा आपल्या मराठी घरातला रोजचा सोबती आहे. कॉफीला मात्र आपण थोडा वेगळा मान दिला आहे. रात्री जागून अभ्यास करणाऱ्या मुलाला, दूरचा प्रवास करून आलेल्या पाहुण्याला किंवा सणाच्या संध्याकाळी जमलेल्या आप्तेष्टांना दुधात उकळलेली, वर जायफळाची पूड पेरलेली कॉफी देण्याची रीत अनेक घरांत आजही आहे. ही कॉफी आपण आवडीने पितो. परंतु ती कोणत्या मातीत वाढली, कोणाच्या हातांनी खुडली गेली आणि तिच्यासाठी डोंगराने काय सोसले, हा विचार पेला ओठांना लावताना क्वचितच मनात येतो.

बेळगाव, खानापूर व गोवे येथील वाचकांना तर हा विषय परका नसावा. ज्या सह्याद्रीच्या कुशीत आपण राहतो, त्याच्याच दक्षिणेकडील रांगांत भारतातील बहुतेक कॉफी पिकते. देशाच्या एकूण उत्पन्नापैकी सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते, आणि तीही कोडगू, चिकमगळूर व हासन या तीन जिल्ह्यांत. चिकमगळूर जिल्ह्यात कॉफी चाखण्याचे दोन दिवसांचे एक शिबिर भरले होते, त्यास उपस्थित राहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. तेथे चाखायला शिकवतील एवढीच अपेक्षा होती. प्रत्यक्षात शेतीचा, आणि काही अंशी धर्माचाही, एक पाठ मिळाला. तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

सात बियांची कथा

कॉफीचे मूळ स्थान आफ्रिकेतील इथिओपिया. तेथून ती येमेन देशात गेली व मोखा बंदरातून तिचा व्यापार चाले. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या एका सूफी साधूने यात्रेहून परतताना कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, असे परंपरा सांगते. तो डोंगर आज बाबाबुडनगिरी या नावाने प्रसिद्ध आहे. युरोपातही कॉफीच्या आगमनाची एक दंतकथा आहे. हे परधर्मीयांचे पेय निषिद्ध ठरवावे अशी काहींनी मागणी केली, तेव्हा परमगुरुस्वामी आठवे क्लेमेंट यांनी ते स्वतः चाखून पाहिले व पसंत केले, असे म्हणतात. दंतकथेतील तथ्य काहीही असो, न चाखता न्याय देऊ नये हा तिचा बोध शिबिरात बसलेल्या आम्हा सर्वांना पटण्याजोगा होता.

चव कशी पारखतात

शिबिरात एका लांब मेजावर काचेचे पेले ओळीने मांडले होते. प्रत्येक नमुन्याचे पाच पेले. एकच का नाही, असे कोणी विचारले असता शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले की, पोत्यातील एखादाच दाणा नासका असेल, तर तो एका पेल्यात दडून राहील. पाच पेले केले म्हणजे दोष उघडा पडतो. प्रत्येक पेल्यात सुमारे सव्वाआठ ग्रॅम भरड दळलेली कॉफी होती. प्रथम कोरड्या पुडीचा वास घ्यावयाचा. मग उकळीच्या किंचित खालचे, सुमारे ९३ अंशांचे १५० मिलिलिटर पाणी ओतावयाचे. चार मिनिटांत पुडीचा एक थर वर येतो. तो चमच्याने फोडताना नाक पेल्याजवळ न्यावे लागते, कारण त्या क्षणी जो सुगंध बाहेर पडतो तो पुन्हा मिळत नाही.

थोडे निवल्यावर चमचाभर कॉफी जोराने, आवाज करून ओढून घ्यावी, म्हणजे तिचे तुषार जिभेवर सर्वत्र पसरतात; आणि मग ती थुंकून टाकावी. भोजनाच्या वेळी असा आवाज केला तर आपल्याकडे वडीलधारी माणसे रागावतील. पण येथे आवाज न करणाऱ्यासच पुन्हा करावयास सांगत. सुगंध, गोडवा, फळासारखा आंबटपणा, जिभेवरचा दाटपणा आणि घोट गेल्यावर मागे उरणारी चव, या सर्वांची कागदावर नोंद करावयाची. दूध नाही, साखर नाही, जायफळ तर नाहीच. दोष झाकणारे सर्व काही दूर केल्यावर दाण्याला खरे बोलावे लागते.

या मेजाभोवती उभ्या असलेल्यांत निम्मे लोक स्वतः कॉफी पिकवणारे होते. मुडिगेरे भागातील एक वयस्क शेतकरी चार एकरांची बाग बाळगून होते. जन्मभर त्यांनी कॉफी पिकवली व फळे सुकवून व्यापाऱ्यास विकली. परंतु आपल्याच बागेतील कॉफी वेगळी भाजून, दळून अशी कधी चाखलीच नव्हती. त्यांच्या नमुन्याच्या पाच पेल्यांपैकी तीन उत्तम निघाले, एक तुरट लागला आणि एकाला कुबट वास आला. शिकवणाऱ्या बाईंनी कारण सांगितले. तुरटपणा हिरव्या फळांचा होता. कुबटपणा खळ्यावर नीट न सुकलेल्या दाण्यांचा. ते गृहस्थ रागावले नाहीत. त्या वर्षी खुडणीला माणसे मिळाली नाहीत, म्हणून पिकलेली व कच्ची फळे एकदमच ओरबाडावी लागली, एवढेच ते म्हणाले.

याचा अर्थ समजण्यास कॉफीचे झाड पाहिले पाहिजे. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची सर पडली की आठ-दहा दिवसांत झुडपे पांढऱ्या फुलांनी डवरतात व रानभर जाईसारखा दरवळ पसरतो. पुढे आठ-नऊ महिन्यांनी अरेबिका जातीची फळे लाल होतात. पण एकाच फांदीवरची सर्व फळे एकाच दिवशी पिकत नाहीत. म्हणून उत्तम कॉफीसाठी त्याच झाडाकडे तीन-चार वेळा जावे लागते व केवळ पिकलेले फळ वेचावे लागते. अशी सुमारे सहा किलो फळे वेचावी, तेव्हा एक किलो स्वच्छ दाणे हाती येतात. हे काम बहुधा स्त्रिया करतात. पेल्यातील गोडवा हा अशा रीतीने त्यांच्या बोटांच्या विवेकाचा गोडवा असतो.

सावलीचे मोल

दुसऱ्या दिवशी आम्हांस एका बागेत नेण्यात आले. बाग म्हणण्यापेक्षा रान म्हणणेच योग्य. वर फणस, शिसव, उंबर यांसारखे जुने वृक्ष, त्यांच्याखाली पांगारा, पांगाऱ्याखाली कॉफी, आणि वृक्षांच्या खोडांवर चढलेल्या काळ्या मिरीच्या वेली. भारतातील कॉफी मुख्यत्वे अशी सावलीत वाढते, ही आपल्या देशाची मोठीच थोरवी आहे. पांगारा मुळांवाटे मातीत नत्र साठवतो. गळलेला पाला कुजून खत होते व पावसाचा मारा स्वतःवर घेऊन माती धरून ठेवतो. पक्ष्यांना आसरा मिळतो. एका पिकाचा भाव पडला तर मिरी, फणस यांचा आधार राहतो.

सावली तोडली तर काय होते, हेही तेथेच पाहावयास मिळाले. अरेबिकाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पांढरा खोडकिडा. त्याचा भुंगेरा उन्हात तापलेल्या खोडाच्या सालीतील फटींत अंडी घालतो. अळी आत शिरून खोड पोखरते आणि झाड उपटून जाळण्यावाचून गत्यंतर राहत नाही. दाट सावलीत त्याचा उपद्रव पुष्कळ कमी असतो. म्हणजे जो वृक्ष जागा अडवतो असे वाटत होते, तोच राखण करीत होता.

तथापि अनेक ठिकाणी जुने वृक्ष जाऊन त्यांच्या जागी सिल्व्हर ओक हे मूळचे ऑस्ट्रेलियातील झाड आले आहे. ते सरळ वाढते, लवकर लाकूड देते व मिरीच्या वेलीला चालते. परंतु उंबराच्या फळांवर जगणारे पाखरू त्याच्यावर जगू शकत नाही. एकाच पिकाखाली डोंगर आणण्याचा परिणाम जगाने पूर्वी पाहिला आहे. १८६९ मध्ये सिलोनमध्ये कॉफीवर तांबेरा रोग दिसला आणि पुढील सुमारे वीस वर्षांत तेथील कॉफीचा व्यवसाय जवळजवळ नष्ट झाला. तेथे चहा आला तो त्यानंतर. आपल्याकडे बाळेहोन्नूर येथे १९२५ मध्ये स्थापन झालेल्या संशोधन केंद्राने रोगाला तोंड देणाऱ्या जाती शोधण्याचे काम चालविले आहे. परंतु नवी जात ही सावलीची जागा घेऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट पाण्याची. कावेरीचा उगम कोडगूत, तुंगा व भद्रा यांचा चिकमगळूर जिल्ह्यात. ताज्या फळांची साल काढून दाणे धुतले की जे आंबलेले पाणी उरते, ते तसेच ओढ्यात सोडल्यास ओढा मरतो. ते खड्ड्यात साठवून, निवळून मगच वापरावे, असा आता आग्रह धरला जातो. खानापूरच्या कणकुंबीत उगम पावणारी मलप्रभा आणि तिकडील तुंगभद्रा या दोघी अखेर कृष्णेलाच मिळतात; डोंगरावर केलेली चूक खालच्या गावांना भोगावी लागते, हे आपणास वेगळे सांगावयास नको.

भाव आणि मजुरी

हे सर्व ठाऊक असूनही शेतकरी झाड का तोडतो? बहुधा गरज त्याला तोडावयास लावते. भारतातील कॉफी पिकवणाऱ्यांत ९८ टक्क्यांहून अधिक लहान बागायतदार आहेत. १९४२ च्या कायद्यानंतर अर्धशतक कॉफी मंडळच सर्वांचा माल एकत्र घेऊन विकीत असे. १९९० नंतरच्या दशकात ती पद्धत संपली आणि लहान शेतकरी थेट जगाच्या बाजारापुढे उभा राहिला. २००१ च्या सुमारास भाव इतके कोसळले की, अनेकांस खुडणीचा खर्चही परवडेना. उलट २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभी, ब्राझीलमधील अवर्षणाने, भाव कधी नव्हते इतके चढले. पडत्या भावात वृक्ष विकून दिवस काढण्याचा मोह होतो. चढत्या भावात वृक्ष तोडून आणखी झुडपे लावण्याचा. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा करून, २०२० सालानंतर जंगल तोडून पिकवलेली कॉफी न घेण्याचे ठरविले. त्याचा अंमल लांबणीवर पडत गेला. हेतू चांगला आहे; मात्र प्रत्येक तुकड्याचे स्थान कागदोपत्री सिद्ध करण्याचा भार चार एकरवाल्यावरही पडणार आहे.

परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोवारुम’ या विश्वपत्रात न्याय्य मजुरीचा प्रश्न जगापुढे मांडला, आणि परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात सृष्टीच्या रक्षणाचा. कॉफीच्या बागेत हे दोन प्रश्न एकाच झाडाखाली उभे असलेले दिसतात. पोटापुरती मजुरी न मिळणारी बाई पिकलेले फळ निवडण्यास थांबणार नाही, आणि योग्य भाव न मिळणारा शेतकरी उंबर राखणार नाही. उत्पत्तीच्या ग्रंथात देवाने मनुष्यास बागेत ठेवले ते तिची मशागत करण्यासाठी आणि राखण करण्यासाठी. यांतील पहिले काम आपण उत्साहाने केले, दुसऱ्याची आठवण अलीकडे होऊ लागली आहे.

आपण काय करावे?

आपण गावात राहणारी साधी कुटुंबे. जगाचा बाजार आपल्या हाती नाही. तरी काही गोष्टी हातच्या आहेत. कॉफीचे पुडके घेताना त्यावरील मजकूर वाचावा. चिकोरी हे एका मुळाचे चूर्ण आहे आणि मिश्रणात ते किती आहे हे छापणे कायद्याने आवश्यक आहे. थोडीच पूड आणावी व घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. बाग कोठली, सावलीतली की कसे, हे दुकानदारास विचारावे. गिऱ्हाईक विचारू लागले की दुकानदारही शोधू लागतो. आणि मुख्य म्हणजे, आपल्या बांधावरचा फणस, उंबर किंवा पांगारा तोडण्यापूर्वी तो कोणाची राखण करीत आहे, याचा एकदा विचार करावा. काजू असो, ऊस असो वा भात, सावलीचा व पाण्याचा हिशेब सर्वांना सारखाच लागू आहे.

मुडिगेरेच्या त्या शेतकऱ्यांनी निघण्यापूर्वी आपल्या नमुन्याचे तीन चांगले पेले पुन्हा एकदा चाखले. येत्या हंगामात निदान अर्धा एकर तरी पिकलेली फळेच वेचून पाहावी, असा त्यांचा विचार होता. मजुरी अधिक पडेल, हे ते जाणून होते. ती मजुरी भरून निघेल एवढा भाव त्यांना मिळावा, अशी प्रार्थना आपण करू या. आणि तो देण्याची वेळ आपल्यावर आली, तर चार पैशांसाठी घासाघीस करू नये.