आग लावणेही ‘बांगह्वा’, रोखणेही ‘बांगह्वा’

कोरियन भाषेत ‘बांगह्वा’ म्हणजे आग लावणे. आगीला प्रतिबंध करणे म्हणजेही ‘बांगह्वा’. हांगुल लिपीत दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात. फरक आहे तो त्यांच्या मुळात. दोन्ही चिनी घराण्यातले. पहिल्यात ‘मोकळे सोडणे’ या अर्थाचे चिनी चिन्ह, दुसऱ्यात ‘अडवणे’ या अर्थाचे. आजच्या चिनी बोलीत ते ‘फांगहुओ’ असे उच्चारतात आणि सुराच्या चढउतारावरून वेगळे ओळखतात. कोरियनने शब्द घेतले, पण चिनी सूर काही घेतले नाहीत.

पंधराव्या शतकात राजा सेजोंगने हांगुल घडवली, तेव्हा कोरियनला स्वतःचे सूर होते. अक्षराच्या डावीकडे ठिपके देऊन ते दाखवत. पुढे राजधानीच्या बोलीतून ते गेले. आग्नेयेकडच्या ग्यॉंगसांग प्रांतात मात्र आजही ऐकू येतात. सोलमध्ये काही काळ ऱ्हस्व-दीर्घाचा आधार उरला होता. तरुण पिढीच्या तोंडी तोही जवळजवळ नाही.

मग माणसे एकमेकांचे बोलणे समजतात कशी? शब्द सहसा एकटा येत नाही, म्हणून. ‘बांगह्वामुन’ म्हणजे आग रोखणारे दार, ‘बांगह्वाबॉम’ म्हणजे आग लावणारा गुन्हेगार. ‘सुदो’ म्हणजे राजधानी आणि नळपाणीही, पण सुदो फुटला म्हटल्यावर कोणी राजधानीची काळजी करत नाही. नवखा वाचक अडतो तो ‘आन जुंग-गुन उइसा’पाशी. 1909मध्ये हार्बिन स्थानकावर जपानी नेते इतो हिरोबुमी यांच्यावर गोळ्या झाडणारा आन जुंग-गुन हा कोरियन क्रांतिकारक. इथे ‘उइसा’ म्हणजे हुतात्मा देशभक्त, एरवी डॉक्टर.

दक्षिण कोरियात 1948च्या कायद्याने सरकारी कागदपत्रे हांगुलमध्ये आली आणि चिनी चिन्हे, म्हणजे हांजा, हळूहळू मागे पडली. हांजाशिवाय भाषा दुर्बोध होईल, हा आक्षेप तेव्हापासूनचा. मला तो फारसा पटत नाही. फोनवर बोलताना हांजा कुणाला दिसते?

तरीही एक शब्द खरोखर घातक आहे: ‘योनफे’. सलग पराभव म्हणजे योनफे आणि सलग अजिंक्यपद म्हणजेही योनफे. दोन्ही अर्थ खेळाच्या एकाच बातमीत, एकाच वाक्यात चपखल बसतात. तिथे संदर्भही हात टेकतो. जिंकलेल्या संघासाठी ‘सलग तिसरे विजेतेपद’ असे उलगडून लिहिणे हाच तिथे सुरक्षित मार्ग.