बैल वळतो, ओळही वळते!

ही दोन वाक्यं वाचा:

बैल नांगर ओढतो
तोळव शीपाधाबां गम

दुसरी ओळ उजवीकडून डावीकडे वाचली, की ‘मग बांधापाशी वळतो’ असं निघतं. या लेखनपद्धतीचं नाव आहे ‘बुस्ट्रोफेडॉन’.

नावातच बैल: ग्रीकमध्ये ‘बूस’ म्हणजे बैल किंवा गाय आणि ‘स्ट्रोफे’ म्हणजे वळण. बैल नांगराचा एक तास संपवून वळतो आणि शेजारचा तास धरतो, अगदी तसं लिहिणं. नांगर धरलेल्या माणसालाच सुचावा असा शब्द!

आपल्या गाईची बहीण: ‘बूस’ आणि संस्कृत ‘गो’ एकाच प्राचीन मुळातून फुटले. इंग्रजी ‘बटर’मध्येही हाच बूस आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘गाईचं चीज’! आणि इस्तंबूलची बॉस्फरस सामुद्रधुनी? तिचं नाव सांगतं, ‘बैलाचा उतार’.

भिंतीवरचा कायदा: क्रीट बेटावरच्या गॉर्टिन इथे इ. स. पू. पाचव्या शतकातला कायदा दगडी भिंतीवर कोरलेला आहे. मजकुराचे 12 स्तंभ, सुमारे 600 ओळी, विषय लग्न, घटस्फोट, वारसाहक्क. ओळ उलटली की अक्षरंही आरशातल्यासारखी तोंड फिरवतात. त्यामुळे अक्षराचं तोंड बघितलं, की वाचायची दिशा कळते.

सम्राट अशोकाच्या लेखातही: आंध्र प्रदेशातल्या कर्नूल जिल्ह्यात एर्रगुडीला अशोकाचा एक लघुशिलालेख आहे. ब्राह्मी एरवी डावीकडून उजवीकडे जाते. इथे मात्र काही ओळी उलट्या चालतात.

पाटीच फिरवा: ईस्टर बेटावरची रोंगोरोंगो लिपी अजून उलगडलेली नाही. तिच्या लाकडी पाट्यांवर एक ओळ सरळ, तर पुढची डोकं खाली पाय वर. एक ओळ झाली की पाटी अर्धी फिरवायची आणि पुढची वाचायची.

जमिनीचे आकडे: अमेरिकेत सरकारी मोजणीत जमिनीच्या चौरसाचे 36 तुकडे पाडतात. 1796 च्या कायद्यापासून त्यांचे क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात. पहिली रांग पश्चिमेकडे, दुसरी पूर्वेकडे. औत फिरतं तसंच!

पासबुकातला नांगर: बँकेत पासबुक छापून घेताना कान द्या. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं डोकं करकरत उजवीकडे जातं आणि कित्येकदा परत येतानाच पुढची ओळ छापतं. रिकामा हेलपाटा वाचतो. शेतकऱ्याचाही हिशेब हाच: बैल मोकळे मागे आणायचे कशाला?

कवितेतही तास: इंग्रजी ‘व्हर्स’ ज्या लॅटिन ‘व्हर्सुस’वरून आला, त्याचे अर्थ वळण, नांगराचा तास आणि लिखाणाची ओळ.

मराठीला यात नवल वाटायचं कारण नाही. शेतात पेरतो तीही ओळ, वहीत लिहितो तीही ओळच.