प्रीतीची रोजकीर्द

त्याग म्हटला की मराठी माणसाच्या मनश्चक्षूंपुढे जी चित्रे उभी राहतात ती बहुधा भगव्या वस्त्रांची आणि जटाभाराची, नाहीतर घरदार विसरून पंढरीच्या वाटेला लागलेल्या वारकऱ्याची असतात. आणि ख्रिस्ती धर्म म्हटला की त्याच मनाला आठवतात त्या पाद्र्यांच्या शाळा, मिशनचे दवाखाने आणि नाताळात शेजारच्या घरून आलेली फराळाची ताटली. या दोन चित्रांची सांगड घालण्याचा प्रसंग आपल्यावर सहसा येत नाही. त्यामुळे ज्या धर्माच्या मध्यभागी एका निरपराध पुरुषाचा वधस्तंभावरील मृत्यू उभा आहे, त्या धर्माचे अनुयायी त्या मृत्यूचा अन्वय आपल्या नित्याच्या व्यवहाराशी कसा लावतात, हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या शेजारी राहूनही आपण त्यांना क्वचितच विचारलेला असतो.

शास्त्राचा आधार पाहू गेल्यास उत्तर सोपे दिसते. शिष्याने स्वतःला नाकारून, आपला वधस्तंभ उचलून गुरूच्या मागे चालावे, ही आज्ञा मत्तय, मार्क आणि लूक या तिन्ही शुभवर्तमानांत आहे; पैकी लूकाने तिला दररोजचे काम ठरवून टाकले आहे. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात शर्यतीत धावणाऱ्या स्पर्धकाचा दाखला घेऊन देहाला वळण लावण्याची महती सांगितली, आणि त्याच पत्रात थोडे पुढे जाऊन, एखाद्याने सर्वस्व वाटून टाकले व देहसुद्धा अग्नीच्या स्वाधीन केला, तरी त्याच्या ठायी प्रीती नसेल तर तो सारा खटाटोप व्यर्थ, असाही निर्वाळा दिला. संयमावाचून प्रीती टिकत नाही आणि प्रीतीवाचून संयमाला मोल नाही, असा हा दुहेरी पेच आहे. प्रवचनांतून त्याची उकल पुष्कळ होते. पण एखाद्या माणसाने तो जन्मभर सोडवीत राहिल्याचे पाहायचे असेल तर फार लांब जावे लागत नाही. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव नावाचे स्थानक आहे, तेथे उतरावे.

ज्यांचे काम या केडगावात उभे राहिले त्या पंडिता रमाबाईंच्या विद्वत्तेची आणि धर्मांतराची कथा महाराष्ट्राने पुरेशी चघळलेली आहे. तिच्यातल्या तपश्चर्येकडे मात्र फारसे कोणी वळलेले नाही. वस्तुतः त्यागाची ओळख रमाबाईंना ख्रिस्ती झाल्यावर झाली असे मुळीच नाही. ती त्यांना बाळपणीच, आणि नको तितकी, झालेली होती. १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पत्नीला संस्कृत शिकविण्याचा हट्ट धरून जनापवाद पत्करणारे पुरुष होते. पुढे घरची दौलत दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत संपली. पुराणे सांगत तीर्थाटन करणारे ते कुटुंब १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात सापडले, आणि तिरुपतीच्या बाजूच्या रानात अकरा दिवस पाला व पाणी यांवर काढल्यानंतर वृद्ध शास्त्रीबोवांनी जलसमाधी घेण्याचे मुक्रर केले. त्या वेळी थोरला मुलगा श्रीनिवास पुढे झाला व म्हणाला की, ब्राह्मणपणाचा अभिमान बाजूस ठेवून आपण वाटेल ती मोलमजुरी करू आणि आईबापांना जगवू. या बोलण्याने जलसमाधी टळली, मृत्यू टळला नाही. वडील दोनतीन दिवसांत गेले, पाठोपाठ आई गेली. आईचे प्रेत उचलायला चौथा खांदेकरी मिळेना, म्हणून मुलीने खांदा दिला, आणि तिची उंची अपुरी असल्याने तिरडीची ती बाजू तिला डोक्यावर घ्यावी लागली.

आमच्या मते रमाबाईंच्या पुढील सर्व आयुष्याचे बीज श्रीनिवासाच्या त्या शब्दांत आहे. वडिलांचे उपवास खरे होते, दानही खरे होते, निष्ठेत तर तिळमात्र खोट नव्हती. परंतु त्या उपवासांनी कोणाच्या पानात घास पडला नव्हता. भावाने सोडला तो केवळ अभिमान होता, पण त्या सोडण्यामागे दोन म्हातारी माणसे जगविण्याचा हेतू होता. आपण जे सोडतो त्यातून कोण जेवतो, हा प्रश्न रमाबाईंनी पुढे स्वतःच्या प्रत्येक व्रताला विचारलेला दिसतो.

मधला वृत्तांत सर्वश्रुत असल्याने तो धावत्या नजरेने पाहू. कलकत्त्यास ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, भावाचा मृत्यू, बिपिन बिहारी मेधावी या वकिलाशी नोंदणी विवाह, कन्या मनोरमेचा जन्म, आणि विवाहाला दोन वर्षे पुरी होण्याच्या आत वैधव्य. १८८३ साली वैद्यक शिकावे म्हणून त्या इंग्लंडात वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या मठात गेल्या. कानांनी ऐकू कमी येऊ लागल्यामुळे तो बेत फिसकटला. त्या मुक्कामात भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलम भागातील आपल्या एका आश्रमात नेले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या बायकांची सुशिक्षित, सुस्थितीतील स्त्रिया सेवा करीत आहेत, हे पाहून रमाबाई चक्रावल्या, आणि असे का करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील याकोबाच्या विहिरीवरची शोमरोनी स्त्री व येशू यांचा संवाद वाचून दाखविण्यात आला. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. एका भुकेल्या मुलीने विद्वत्तेच्या शिखरापर्यंत जाऊन अखेर युक्तिवादापेक्षा एका कामापुढे मान तुकवावी, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मान तुकविली खरी, पण मठापुढे नव्हे. त्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो दीर्घ पत्रव्यवहार झाला तो वाचताना आज्ञापालन आणि आत्मसंयम या भिन्न गोष्टी आहेत याची खूण पटते. रमाबाई शाकाहारी राहिल्या, त्याला जेराल्डिनबाईंनी जातीचा ताठा म्हटले; धर्मतत्त्वांविषयी रमाबाई शंका घेत, त्याला उद्दामपणा म्हटले. आपली विवेकबुद्धी कोणाच्याही हवाली करण्यास रमाबाईंनी ठाम नकार दिला, आणि तरीही साधे पांढरे लुगडे, साधे अन्न व अखंड काम हा शिरस्ता आमरण सोडला नाही. ज्यांना शिस्त म्हणजे वरच्याचा हुकूम एवढेच ठाऊक आहे त्यांनी ही पत्रे अवश्य चाळावीत.

मायदेशी परतून रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईस उघडलेले व पुढल्या वर्षी पुण्यास आलेले विधवांचे विद्यालय शारदा सदन, त्याविरुद्ध ‘केसरी’ने उठविलेले काहूर, आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळाचा दिलेला राजीनामा, यांचा निवाडा येथे करण्याचे प्रयोजन नाही. इतकेच म्हणतो की, सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखली जाईल असे आश्वासन होते, त्यामुळे मुली बाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्यावर पालक बिथरले यात नवल नव्हते. आणि आपली प्रार्थना दार लावून करण्यास बाई तयार नव्हत्या यातही नवल नव्हते. मात्र याच सदनातील एका विद्यार्थिनीने, गोदूबाईंनी, धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, आणि महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाचा एक मोठा प्रवाह तेथून निघाला, हे विसरू नये.

खरी कसोटी १८९६ च्या अखेरीस लागली. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली तेव्हा, पाला खाऊन काढलेले ते अकरा दिवस ज्यांच्या स्मरणात होते त्या बाई पुण्यात स्वस्थ बसू शकल्या नाहीत. सरकारी दुष्काळी छावण्या पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आले की निराधार मुलींचा पिच्छा भुकेच्या जोडीला कुंटणखान्यांचे दलालही करीत आहेत. होता होता सुमारे तीनशे मुली व विधवा त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचा अंमल होता; एवढी माणसे शहरात ठेवण्याची मुभा मिळेना, तेव्हा केडगावला फळबागेसाठी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या करून हा संसार मांडण्यात आला. त्याचेच पुढे ‘मुक्ती’ झाले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली.

दोन हजार हा आकडा वाचायला सोपा आहे, म्हणून त्याचा जरा हिशेब करू. माणशी दिवसाला अर्धा शेर धान्य धरले तरी रोजचे पंचवीस मण होते. ते खरेदी करायचे, निवडायचे, दळायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंचवीस मण. शिवाय येणारी माणसे कृतज्ञतेने हात जोडून येत नाहीत. उपासमारीतून आलेल्या मुलीच्या अंगावर फोड असतात, केसांत उवा असतात, ती भाकरी पदराखाली लपविते, दुसरीच्या ताटातली ओढते, अंघोळ घालणाऱ्या हाताला चावतेसुद्धा. अशी मुलगी स्वच्छ करण्याला पहिल्या दिवशी दया पुरते, आठव्या दिवशी दयेला थकवा येतो, आणि तिसाव्या दिवशी तेथे केवळ शिस्त उभी असते. शारदा सदनातील जुन्या मुलींवर नव्या मुली सोपविण्याची तजवीज बाईंनी केली ती म्हणूनच. कालपर्यंत जिची काळजी वाहिली जात होती तिने आज दुसरीची वेणी घालायची. मुक्तीत विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, हातमाग, तेलघाणा आणि छापखाना चालू झाला. अंध मुलींसाठी मनोरमेने ब्रेल लिपी शिकून घेतली आणि शिकविली. प्रीती नावाची जी गोष्ट आपण गाण्यांत ऐकतो ती येथे रोजकीर्दीत उतरलेली होती, आणि रोजकीर्द एक दिवस लिहून भागत नाही.

या प्रीतीला भांडणाचेही वावडे नव्हते. १८९७ च्या प्लेगात आपल्या आश्रयाखालील एका मुलीची सरकारी रुग्णालयात आबाळ झाल्याबद्दल रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रातून सरकारवर उघड ठपका ठेवला. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटात निघाले, मुंबईच्या गव्हर्नरांनी आरोप फेटाळला, आणि परदेशी मिशनऱ्यांशी स्नेह असलेल्या एका बाईने सरकारची खप्पामर्जी ओढवून घेतली. ख्रिस्ती नम्रतेचा अर्थ गप्प बसणे असा त्यांनी लावला नव्हता.

परंतु आम्हांला त्यांचा सर्वांत मोठा त्याग वाटतो तो अन्नाचा नव्हे, सुखाचा नव्हे आणि लौकिकाचाही नव्हे. तो संस्कृताचा होय. बायबलचे जे मराठी भाषांतर त्या काळी रूढ होते ते केडगावच्या मुलींना झेपत नाही, त्यातल्या जड शब्दांपुढे त्या अडखळतात, असे दिसून आल्यावर, वयाची पंचेचाळिशी उलटलेल्या या बाईंनी ग्रीक आणि हिब्रू या दोन भाषा शिकण्यास आरंभ केला आणि मुळावरून नवे, सोपे भाषांतर करावयास घेतले. आठवणीतून हजारो श्लोक म्हणणारी, कलकत्त्याच्या पंडितसभेने सरस्वती म्हणून गौरविलेली ही स्त्री आता आपल्या प्रत्येक वाक्यातून संस्कृत शब्द वेचून बाहेर काढू लागली. दोन तत्सम शब्दांचा टेकू घेतल्यावाचून ज्याला एक वाक्य पुरे करवत नाही त्या प्रस्तुत लेखकाला या कृतीची अवघडता कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. गरीब माणसाने पैसा सोडणे आणि विद्वानाने विद्वत्तेची भाषा सोडणे यांत दुसरे अधिक कठीण, कारण भाषा सोडताना माणसाला आपण अडाणी दिसू ही भीती असते, आणि रमाबाई काही ठिकाणी खरोखरच तशा दिसल्या.

हे काम सतरा-अठरा वर्षे चालले. हस्तलिखित तयार झाले की ते मुक्तीच्याच छापखान्यात जाई. तेथे खिळे जुळविणाऱ्या मुली होत्या, आणि देवनागरीचे खिळे जुळविणे म्हणजे काय हे ज्याने पाहिले असेल तोच जाणे: प्रत्येक अक्षर उलटे, कानामात्रा निराळ्या, जोडाक्षरांचे खण वेगळे, आणि एक रफार चुकला की ओळ मोडून पुन्हा बांधायची. छापील मजकूर परत बाईंच्या टेबलावर येई आणि बाई तो मुळाशी ताडून पाहत. दोन हजार माणसांच्या पोटाची विवंचना, येणारे-जाणारे आणि दुखणीबाणी या सर्वांच्या मधून हा वेळ काढायचा होता. नवा करार १९१३ साली प्रसिद्ध झाला. जुना करार त्याच्या कितीतरी पट मोठा, तो अद्याप व्हायचा होता.

या आयुष्याची किंमत केवळ रमाबाईंनी मोजली असे म्हणता येत नाही. मनोरमा इंग्लंड-अमेरिकेत शिकली, बुद्धिमान होती, आणि आईच्या कार्याखेरीज दुसरे आयुष्य तिला कधी मिळालेच नाही. ते तिने स्वतः निवडले की आईच्या निवडीत ते आपोआप आले, हे बाहेरच्या माणसाने ठरवू नये, पण प्रश्न विचारल्याशिवायही राहू नये. त्यागी माणसांच्या मुलांना त्यागाचा वारसा न मागता मिळतो, आणि त्याचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही. जुलै १९२१ मध्ये, चाळिशी ओलांडताच, मनोरमा वारली. जिच्यावर सारा कारभार सोपवायचा ती गेल्यावर त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनी जवळजवळ अधू झालेल्या बाईंनी पुन्हा भाषांतराचे कागद पुढे ओढले, आणि ते काम हातावेगळे केल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

समग्र बायबल १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. भाषाकोविदांना त्यातील वाक्यरचना ओबडधोबड वाटली, आणि बहुतेक मराठी चर्चांतून बायबल सोसायटीचीच आवृत्ती वाचली जात राहिली. एवढ्या श्रमाला हे फळ तोकडे पडले असे ज्यांना वाटते त्यांनी त्या छापखान्यातल्या मुलींचा हिशेब त्यात धरलेला नसतो. दुष्काळात मरायच्या त्या वाचायला शिकल्या, आणि बाईंच्या भाषांतराच्या पहिल्या वाचक त्याच होत्या, एकेक अक्षर उलटे धरून.