शेतातले धोके पोरांना शिकवायचे कसे?

आवणी सुरू झाली की पालघर, मनोर, बोईसरकडच्या पाड्यांवर घरात कोणी सापडत नाही. आई-बाप चिखलात आणि पोरं बांधावर. मुलांना शेतावर नेऊ नका, असे शहरातला माणूस सहज सांगतो. ठेवायचे कुणाकडे, ते मात्र सांगत नाही. तेव्हा पोराला शेत शिकवायचे, तर त्यातले धोकेही शिकवणे आले.

याची वाट आपल्याच भागात पडलेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पोरं गुरांमागे जातात, शाळेत येत नाहीत, हे पाहून या बायांनी शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा. पाने, खडे, शिंपले हेच तिथले साहित्य.

धोक्याचा धडाही तसाच द्यावा लागतो. 'विहिरीजवळ जाऊ नये' असे फळ्यावर लिहून काही होत नाही. कठडा नसलेल्या विहिरीपासून दहा पावले मोजायला लावा आणि पोराच्याच हाताने तिथे दगड मांडून घ्या. दगडाच्या आत मोठ्या माणसाशिवाय जायचे नाही. स्वतः मांडलेली हद्द पोर सहसा मोडत नाही.

अमेरिकेत आयोवा राज्यात मेरिलिन अॅडम्स या शेतकरी बाईंचा अकरा वर्षांचा मुलगा १९८६ मध्ये धान्याच्या गाडीत गाडला जाऊन गेला. पुढच्याच वर्षी त्यांनी मुलांच्या शेती-सुरक्षेसाठी संस्था काढली. तिकडच्या शिबिरांत कपडे घातलेली पेंढ्याची बाहुली फिरत्या यंत्रात अडकवून दाखवतात. मुले लांब उभी असतात. बाहुली क्षणात गुंडाळली जाते, मग वेगळे काही सांगावे लागत नाही. आपल्याकडच्या मळणी यंत्राचा पट्टाही सैल सदरा असाच ओढतो.

औषधाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण तुम्ही पाहिला असेलच. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. अक्षरओळख नसलेल्या पोरालाही रंग कळतो. पण यात एक गोम आहे. हिरवा म्हणजे चालेल, असे त्याला वाटते. चारही विषच, हे आधी सांगा. आणि रिकामी बाटली पाण्याला वापरायची सवय आपण मोठ्यांनीच लावलेली असते, तिचे काय? भंगारात स्वस्त मिळाले म्हणून कारखान्यातले पिंप घरी आणू नका. आत काय होते ते आपल्याला ठाऊक नसते, आणि लपाछपीला पोरांना तीच जागा आवडते.

सापाचे मात्र जरा सविस्तर. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज नाही, फारसे दुखतही नाही. पोर पोटात दुखते म्हणते, मग पापण्या जड होतात, तोवर वेळ गेलेली असते. कित्येकदा पोर मार बसेल म्हणून बोलतच नाही. 'काही चावले असे वाटले तर लगेच सांग, कोणी रागावणार नाही,' हे त्याला आजच सांगा, आणि तो शब्द पाळा. चिरायचे नाही, दोरी आवळायची नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही. हात-पाय न हलवता दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून नेण्याच्या नादी लागू नका.

तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे. अपघात झाला तर काय करायचे, याच्या रंगीत तालमी आसपासच्या गावांना नव्या नाहीत. मग साप चावल्याची तालीम शाळेच्या अंगणात का नको? एकाने पडून राहायचे, दुसऱ्याने त्याला हलू द्यायचे नाही, तिसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. अडते ते इथेच. पोर पाड्याचे नाव सांगते, पण गाडीवाल्याला तेवढ्यावर काय कळणार? आज रात्री जेवताना विचारून बघा: मोठ्या रस्त्यावरून आपल्या घराकडे यायला कोणत्या फाट्याला वळायचे, आणि पावसाळ्यात गाडी कुठपर्यंत येते?