हाताळणीने साप माणसाळतो काय?

आरंभी फूत्कार टाकणारा व दंशास प्रवृत्त होणारा साप काही आठवडे नियमितपणे हाताळल्यास हातावर निमूट राहू लागतो, असा सर्पपालकांचा अनुभव आहे. त्यावरून हाताळणीने सापाचा स्वभावच पालटतो, असा निष्कर्ष काढण्यात येतो. निरीक्षण यथार्थ आहे. निष्कर्ष मात्र तपासून पाहणे अगत्याचे आहे.

जो उद्दीपक पुनःपुन्हा अनुभवास येऊनही अपाय करीत नाही, त्याला मिळणारा प्रतिसाद क्रमशः मंदावतो. या प्रक्रियेस अभ्यस्तता म्हणतात. हर्झोग, बॉवर्स व बर्गहार्ट यांनी १९८९ मध्ये गार्टर सापांविषयी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अभ्यस्ततेचे प्रमाण जातीजातींत, तसेच एकाच जातीच्या व्यक्तींतही भिन्न आढळले. हाताळणीचा परिणाम होतो, परंतु तो सर्वत्र सारखा नसतो, हे यावरून स्पष्ट होते.

याहून पुढचे पाऊल शिक्षणाचे. होल्ट्झमन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९९ च्या प्रयोगात कॉर्न स्नेक जातीची पिले निसटण्याच्या बिळाचे स्थान शिकली. म्हणजे साप शिकू शकतो. सापाला उचलण्यापूर्वी आकडीचा हलका स्पर्श करण्याची पालकांची पद्धत याच क्षमतेवर आधारलेली आहे. हा स्पर्श म्हणजे भक्ष्य नव्हे, ही खूण साप ओळखू लागतो व भक्ष्य समजून हातावर झडप घालण्याचा संभव घटतो. येथे पालटते ती सापाची अपेक्षा. तीस ममता म्हणता येणार नाही.

निश्चलतेचा अर्थ लावतानाही सावधगिरी हवी. आफ्रिकेतील बॉल पायथन भ्याला म्हणजे वेटोळ्यात डोके लपवून चेंडूसारखा होतो. ती शांती नसून संरक्षण होय. गारुड्याच्या टोपलीतील नागाचे विषदंत पुष्कळदा उपटलेले वा तोंड शिवलेले असते. ती गरिबी शिक्षणाची नसून इजेची असते.

शिवाय न हाताळलेला साप नेहमी चावतोच, हे गृहीतही चुकीचे आहे. गिबन्स व डॉर्कस यांच्या २००२ च्या अभ्यासात कृत्रिम हाताने उचललेल्या ३६ रानटी कॉटनमाउथ सापांपैकी १३ सापांनीच त्या हाताचा चावा घेतला. तापमानाचाही प्रभाव पडतो. १९९१ च्या एका अभ्यासात उबदार गार्टर साप थंड सापांहून अधिक आक्रमक ठरले. सबब, न हाताळलेल्या सापांशी समान तापमानात तुलना केल्याविना हाताळणीचे श्रेय निश्चित करता येत नाही.

तात्पर्य, हाताळणीने सापाचे विशिष्ट परिस्थितीतील वर्तन सौम्य होऊ शकते. परंतु कुत्र्याप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आलेले माणसाळलेपण त्यातून उद्भवत नाही. अभ्यस्तता ओसरू शकते आणि कात टाकण्याच्या काळात सरावलेला सापही चिडतो. बिनविषारी सापाच्या बाबतीत हा भेद विसरल्यास एखादी जखम होईल. विषारी सापाच्या बाबतीत तो विसरणे प्राणघातक ठरेल.