कर्जातून जन्मणारा पैसा आणि ठेवीदाराची जोखीम

ठाणे, खास प्रतिनिधी

पैसा कोठून येतो, असे विचारल्यास बहुतेक जण नाशिक किंवा देवासच्या नोटांच्या छापखान्याकडे बोट दाखवतील. तेथे नोटा छापल्या जातात हे खरेच. परंतु देशातील एकूण पैशात लोकांच्या हातातील रोकडीचा वाटा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा आहे. उरलेला पैसा बँकांच्या खात्यांतील आकड्यांच्या रूपात असतो आणि त्याचा मोठा भाग बँका कर्ज देतात तेव्हा निर्माण होतो. घरासाठी कर्ज काढणाऱ्या आणि निवृत्तीची पुंजी मुदत ठेवीत ठेवणाऱ्या ठाणे, कल्याण व डोंबिवलीतील कुटुंबांचा या प्रक्रियेशी रोजचा संबंध आहे. ती समजून घेतली, तर २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांवर आलेल्या संकटाचे मूळही ध्यानात येते.

कर्ज दिले की ठेव वाढते

बँक एकाची ठेव घेते आणि तीच दुसऱ्याला कर्जाऊ देते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षातील नोंदींचा क्रम वेगळा असतो. समजा, डोंबिवलीतील एका सदनिकेसाठी बँकेने ४० लाख रुपयांचे गृहकर्ज मंजूर केले. ही रक्कम कोणा ठेवीदाराच्या खात्यातून काढली जात नाही. बँक आपल्या ताळेबंदात एका बाजूला कर्जदाराकडून ४० लाखांचे येणे दाखवते आणि दुसऱ्या बाजूला बांधकाम व्यावसायिकाच्या खात्यात ४० लाख रुपये जमा करते. कोणाचीही ठेव कमी न होता एकूण ठेवी ४० लाखांनी वाढतात. बांधकाम व्यावसायिक त्यातून सिमेंट-सळईच्या व्यापाऱ्याची देणी भागवतो, व्यापारी नोकरांचे पगार करतो आणि हा नवा पैसा बाजारात फिरू लागतो. कर्जदार हप्ते भरतो, तेव्हा त्यातील मुद्दलाइतका पैसा पुन्हा व्यवहारातून नाहीसा होतो. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये आपल्या त्रैमासिकात पैशाच्या निर्मितीचे हेच स्पष्टीकरण दिले होते.

मग बँकांना ठेवी कशासाठी हव्या असतात? बांधकाम व्यावसायिकाचे खाते दुसऱ्या बँकेत असेल, तर कर्ज देणाऱ्या बँकेला ती रक्कम त्या बँकेला खरोखर चुकती करावी लागते. ठेवी बाहेर जाऊ लागल्या आणि नव्या आल्या नाहीत, तर बँकेचे हात बांधले जातात. त्यामुळेच ठेवीदाराला व्याजाचे आमिष दाखवले जाते.

लगाम कोणाच्या हाती?

बँकांची ही शक्ती अमर्याद नाही. प्रत्येक १०० रुपयांच्या ठेवींमागे ठरावीक रोकड रिझर्व्ह बँकेकडे ठेवावी लागते. हे रोख राखीव प्रमाण २०२५ च्या अखेरीस ३ टक्क्यांवर आणण्यात आले. त्याखेरीज १८ टक्के रक्कम प्रामुख्याने सरकारी रोख्यांत गुंतवावी लागते. मात्र खरा लगाम असतो तो बँकेच्या स्वतःच्या भांडवलाचा. जितकी कर्जे अधिक आणि जोखमीची, तितके भांडवल अधिक हवे, असा नियम आहे. कर्ज बुडाले, तर पहिला फटका या भांडवलाला बसतो आणि ते संपले की पाळी ठेवीदारांची येते.

कर्जाची किंमत ठरवण्याचे साधन म्हणजे रिझर्व्ह बँकेचा रेपो दर. मे २०२० मध्ये तो ४ टक्क्यांवर होता. महागाई आवरण्यासाठी तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर नेण्यात आला आणि डिसेंबर २०२५ मध्ये सव्वापाच टक्क्यांपर्यंत खाली आला. दर उतरला की बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाचा हप्ता किंवा मुदत कमी होते; पण त्याच वेळी नव्या मुदत ठेवींवरील व्याजही घटते. एकाच घरात कर्ज फेडणारा मुलगा सुखावतो आणि व्याजावर गुजराण करणारे वडील चिंतेत पडतात, ते यामुळेच.

आणखी एक परिणाम सहज नजरेत येत नाही. स्वस्त कर्जातून निर्माण झालेला पैसा ज्या वस्तूकडे धावतो, तिचा पुरवठा तितक्याच वेगाने वाढला नाही तर भाव चढतात. त्यामुळे ठेवीवर मिळणारे व्याज किती, हा प्रश्न अपुरा आहे. कर आणि महागाई वजा जाता हाती काय उरते, हेच पाहिले पाहिजे.

कर्जे बुडतात तेव्हा

नोकरदारांच्या या पट्ट्यात सहकारी बँकांशी लोकांचे जुने नाते आहे. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० मध्ये, ठाणे जनता सहकारी बँक १९७२ मध्ये, तर कल्याण जनता सहकारी बँक १९७३ मध्ये स्थापन झाली. शाखेतील कर्मचारी ओळखीचे आणि संचालक गावातले, हा या चळवळीचा मोठा आधार राहिला. मात्र ठेवीची सुरक्षितता ओळखीवर ठरत नाही. बँकेने कर्ज कोणाला दिले, यावर ती ठरते.

भांडुप येथे मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेने, म्हणजेच पीएमसीने, हे दाखवून दिले. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि खातेदारांना सुरुवातीला केवळ १ हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. सुमारे ११ हजार ६०० कोटी रुपयांच्या ठेवी असलेल्या या बँकेची ७० टक्क्यांहून अधिक कर्जे एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे गेली होती आणि ती लपवण्यासाठी हजारो बनावट कर्जखाती दाखवली गेली होती. कर्ज देताना निर्माण झालेला पैसा केव्हाच बाहेर गेला होता. परतफेड मात्र थांबली होती. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांवरील ठेवी मात्र अनेक वर्षांच्या टप्प्यांत परत करण्याचे ठरले.

विम्याचे कवच

पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक १९६० मध्ये बुडाल्यानंतर देशात ठेव विम्याची योजना आली. १९६२ मध्ये दीड हजार रुपयांपासून सुरू झालेली मर्यादा १९९३ मध्ये १ लाख झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाखांवर गेली. मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेच्या सर्व शाखांतील एका ठेवीदाराच्या ठेवींना हे संरक्षण आहे. ठाण्याच्या शाखेत ५ लाख आणि कल्याणच्या शाखेत ५ लाख ठेवल्याने ते दुप्पट होत नाही. वेगळ्या बँकेत ठेवल्यास मात्र स्वतंत्र संरक्षण मिळते.

पूर्वी हा पैसा मिळण्यासही वर्षे लागत. सीकेपी सहकारी बँकेवर २०१४ मध्ये निर्बंध आले आणि तिचा परवाना रद्द झाला तो एप्रिल २०२० मध्ये. कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाल्यानंतर, निर्बंध लागू झाल्यापासून साधारण ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली.

हे कवच फक्त बँकांपुरते आहे. पतसंस्थेतील ठेवींना ते लागू नाही आणि सराफाच्या मासिक बचत योजनेला तर नाहीच. ऑक्टोबर २०१९ मध्ये गुडविन ज्वेलर्सची डोंबिवली व ठाण्यातील दुकाने अचानक बंद झाली, तेव्हा तिच्या योजनांत पैसे भरणाऱ्यांना पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. बँक बुडाली तर विमा महामंडळ उभे राहते. येथे मालमत्तेची जप्ती, लिलाव आणि न्यायालय हाच मार्ग उरतो.

ठेवीदाराने काय पाहावे?

ठेव ठेवणे म्हणजे बँकेला कर्ज देणे. कर्ज देणारा जशी चौकशी करतो, तशी ठेवीदारानेही करावी. बँकेच्या वार्षिक अहवालात निव्वळ अनुत्पादित कर्जांचे प्रमाण, भांडवल पर्याप्ततेचे प्रमाण आणि लेखापरीक्षकाचे शेरे छापलेले असतात. तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी ठेवले, तरी दिशा कळते. सहकारी बँकेच्या सभासदाला सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. मोठी कर्जे कोणत्या क्षेत्रात गुंतली आहेत, हा प्रश्न तेथे अवश्य विचारावा. इतर बँकांपेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याज मिळत असेल, तर ते कशाच्या बदल्यात, याचा विचार करावा. निवृत्तीची सारी रक्कम एकाच ठिकाणी न ठेवता विम्याच्या मर्यादेत विभागणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

पासबुकातील आकडा हा बँकेने दिलेला शब्द असतो. तो पाळला जाईल की नाही, हे बँकेचे कर्जदार आपली कर्जे फेडतात की नाही, यावर अवलंबून राहते.