फुलदाणी उलटी करून पाहा

चाकणजवळच्या कुरुळीत आज सेंट-गोबेनच्या कारखान्यात मोटारींच्या काचा तयार होतात. पण या पट्ट्याचं काचेशी नातं त्याहून पुष्कळ जुनं आहे. शेजारच्या तळेगाव दाभाड्यात १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. माणशी एक पैसा गोळा करून स्वदेशी उद्योग उभारायचा, ही कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. लोकमान्य टिळक तिच्या पाठीशी उभे राहिले. जपान-अमेरिकेत काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी भट्टीचा भार उचलला. इथे हात तयार झालेले कारागीर पुढे देशातल्या इतर भट्ट्यांवर गेले. १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील खेड्यापाड्यांत पोहोचला.

ही सगळी गरजेची काच. शोभेची काच घरात आली ती बहुधा बाहेरून. १९६०च्या दशकात दापोडी-चिंचवड भागात सँडविक, अ‍ॅटलस कॉप्को, एसकेएफ अशा स्वीडिश कंपन्या आल्या. स्वीडनमधल्या कोस्टा आणि ओरेफोर्सच्या भट्ट्यांचा तो बहराचा काळ होता. त्या कंपन्यांमार्फत तिथली काच इथवर आली असू शकते; म्हणून या भागातल्या एखाद्या जुन्या शोकेसमध्ये जाड बुडाची, करड्या-निळसर छटेची फुलदाणी दिसली, तर मी ती आधी उलटी करून पाहायला सांगेन.

काचेची खरी ओळख बुडाशी असते. फुंकून घडवलेली वस्तू शेवटच्या कामासाठी बुडाकडून लोखंडी सळईला चिकटवतात. ती तोडली की तिथे खरखरीत वण राहतो. चांगल्या भट्टीत तो घासून गुळगुळीत करतात आणि तिथे उथळ, चकचकीत खळगा उरतो. साच्यात दाबलेल्या काचेवर मात्र बहुतेकदा बाजूने उभी, बारीक सांध्याची रेघ सापडते. रेघ दिसली म्हणजे वस्तू हलकी, असं मात्र समजू नये. चेकोस्लोव्हाकियात त्या काळी दाबकामाच्या काचेसाठीही नामवंत कलाकार आराखडे करत होते.

नंतर भिंग घ्यावं. कोस्टाच्या पुष्कळ वस्तूंच्या बुडावर कारखान्याचं नाव, कलाकाराची अक्षरं आणि क्रमांक बारीक कोरलेला असतो. विके लिंडस्ट्रँड १९५० पासून तिथे होते, त्यांच्या कामावर त्यांच्या नावाची खूण मिळते. इटलीतल्या मुरानोची गोष्ट वेगळी. तिथल्या बऱ्याच भट्ट्या नुसती कागदी चिठ्ठी लावत आणि ती पहिल्याच धुण्यात निघून जाई. एका रंगाच्या पोटात दुसरा रंग दिसला की विक्रेता ‘मुरानो’ म्हणून मोकळा होतो; पण तशी काच इतर देशांतही भरपूर झाली. रुमालासारखी चुणीदार फुलदाणी मुरानोत व्हेनिनी आणि बियांकोनी यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस घडवली. तिच्या नकला इतक्या निघाल्या की केवळ आकारावरून तिचं नाव घेणं धोक्याचं आहे.

नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली काच हिरवी चमकली, तर तिच्यात युरेनियम असू शकतं. पण तशी काच आजही बनते, त्यामुळे चमक हा वयाचा पुरावा नव्हे. बुडाच्या कडेवरचे वेडेवाकडे, बारीक ओरखडे जास्त बोलतात. वर्षानुवर्षं फळीवर सरकून ते पडतात. एकाच दिशेचे, सारख्या खोलीचे ओरखडे दिसले तर पॉलिश पेपरचा संशय घ्यावा.

किंमत ठरते ती भट्टी, कलाकार, आकार आणि अवस्था यांवर. काठाला टवका गेला असेल तर भाव मोठा घसरतो. काही जण तो काठ घासून उंची कमी करतात, म्हणून घडणीचं प्रमाण बिघडलेलं नाही ना, हे पाहावं. आतला धुरकटपणा पाणी भरल्यावर नाहीसा होऊन वाळल्यावर परतला, तर काचच झिजली आहे असं बहुधा समजावं. तो धुऊन जात नाही. आणि भाव पाहायचा तो लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूचा. दुकानदाराने मागितलेला आकडा भाव नसतो.

आपल्या तळेगावच्या काचेला मात्र असा बाजार नाही. कोणती वस्तू कुठल्या भट्टीची, हे ठामपणे सांगता आलं तरच बाजार उभा राहतो. युरोपातल्या कारखान्यांच्या छापील सूचिपत्रांनी ते काम केलं. आपल्याकडे असा कागद मिळणं कठीण. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. पैसा फंडाची सुरुवातीची काच त्या वयाची झाली आहे, हे निदान आपण तरी ओळखायला हवं.

मावळात, खेड तालुक्यात, पिंपरी-चिंचवडच्या जुन्या वाड्यांत ज्यांच्याकडे अशी काच असेल, त्यांना विनंती आहे. ती भंगारात वजनावर घालू नका. बुडाचा आणि काठाचा फोटो काढा, उंची-वजन लिहा, वस्तू घरात कुणी आणि केव्हा आणली ते थोरल्या माणसांना विचारून टिपून ठेवा. चिठ्ठी शिल्लक असेल तर ती भिजवू नका. घरातलं कुणी तळेगावच्या भट्टीवर कामाला असेल, तर त्यांच्या आठवणी आजच लिहून घ्या.